पाटी काढ

आमच्या संस्थेत दारातून आत आलं की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे आणि त्यात माझी पाटी ठेवलेली असायची. दगडी पाटी, लाकडी चौकट, एक कोपरा उडालेला. खाली छापील चिठ्ठी लावली होती: 'पळून येताना आईने लेकीला घ्यायला सांगितलेली एकमेव वस्तू.' एकमेव हे साफ खोटं आहे. एक पातेलं होतं, चादरी होत्या, आईचं शिवणाचं सामान होतं. पण पातेल्याची गोष्ट ऐकून कुणी डोळ्यांना रुमाल लावत नाही, म्हणून पातेलं गाळलं.

गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. शाळांत, कारखान्यांत, पोलिसांच्या प्रशिक्षणात, पाहुण्यांसमोर. त्या दिवशी दुपारी आई आतल्या खोलीत गाठोडं बांधत होती. मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. आई आतून ओरडली, "पाटी काढ गं आधी! चल, पटकन, पाटी काढ!" मी पळत गेले, दफ्तरातून पाटी काढली, छातीशी धरली. मागल्या दाराने आम्ही निघालो. बाबा शाळेत होते, ते संध्याकाळी पुलापाशी भेटणार होते. ते आले नाहीत. घर गेलं, गाव गेलं, बाबा गेले, पण आईने लेकीची पाटी मागे राहू दिली नाही. इथे मी थांबायची. मग टाळ्या पडायच्या. मला टाळ्या आवडतात, उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू?

तर उद्या मला या संस्थेची प्रमुख करणार होते आणि माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. लोक भेटून अभिनंदन करत होते, मी हसून मान डोलवत होते, आणि आत एकच घोळ चालला होता. यांनी मला निवडलंय की पाटीला?

माझं काम कमी नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. सीमा ओलांडून आलो तेव्हा आम्हाला एका जुन्या गोदामात ठेवलं होतं. कुटुंबाकुटुंबांमध्ये चादरींचे पडदे. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं करायला जायची. मी इकडची भाषा पटापट उचलली आणि तिथेच फसले. ज्याला त्याला मी हवी. दवाखान्यात चल, कचेरीत चल, घरमालकाशी बोल. स्वतःची वेणी धड घालता येत नव्हती आणि मी बायकांची दुखणी डॉक्टरला समजावून सांगत होते.

मग एक दिवस मोठ्या बाई आल्या. संस्था त्यांनीच काढलेली. माणसाला माणूस म्हणून काय काय मिळायलाच पाहिजे, ते लोकांना शिकवायचं, हे संस्थेचं काम. त्यांनी कुणाकडून तरी आमच्या भाषेत मोठ्ठा फलक लिहून आणला होता: 'मानवाधिकार वर्ग'. आमच्यातल्या एका काकांनी तो लांबून वाचला, त्यातलं 'अधिकार' तेवढं त्यांना दिसलं, आणि झालं! अधिकारी आले, अधिकारी आले म्हणून गोदामभर बोंब. जो तो गाठोडं उचलून मागच्या कुंपणाकडे. बाई हातात खडू घेऊन रिकाम्या गोदामात उभ्या. मी पळाले नव्हते, कारण मला एका पायातली चप्पल सापडत नव्हती.

"काय झालं गं यांना?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही यांना पकडायला आलाय असं वाटतंय त्यांना," मी म्हटलं.

बाई खो खो हसल्या. पुढच्या वेळी त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि 'हक्क' हा शब्द घेतला. तोही धड बसेना. एक आजी म्हणाली, "हक्क आपल्या माणसावर असतो बाई. मी हक्काने लेकाला पाणी मागेन. सरकार माझं कोण लागतं?" याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट येत नाही. पण तेच मी वर्षानुवर्षं शिकवत आले. आधी दुभाषी, मग वर्ग घेणारी, मग वर्ग घेणाऱ्यांना शिकवणारी. आता बाईंचे गुडघे गेले, त्या थांबणार होत्या, आणि खुर्ची माझ्याकडे येणार होती.

आई इतक्या वर्षांत एकदाही संस्थेत आली नव्हती. आज पाणी येणार आहे, आज गॅसवाला येणार आहे, आज कंबर धरलीय. तिच्या सबबी मला पाठ होत्या. पण समारंभात तिने व्यासपीठावर बसावं असा बाईंचा हट्ट होता. आई कशीबशी कबूल झाली, वर म्हणाली, "आदल्या दिवशी जागा दाखव. कुठून आत जायचं, कुठून बाहेर यायचं, ते मला बघू दे."

तशी ती दुपारी आली. नवी सँडल, नीट विंचरलेले केस, हातात पाण्याची बाटली. मी सगळ्यांशी ओळख करून देत होते आणि ती पाहुण्यासारखी मान हलवत होती. काचेच्या कपाटापाशी थांबली. चिठ्ठी वाचली. मला वाटलं, आता डोळे भरून येतील.

"कोपरा तू ट्रकमध्ये चढताना उडवलास," ती म्हणाली. "धसमुसळी."

मी हसले. आम्ही पुढे निघालो. बोळाच्या टोकाला माझी नवी खोली, आणि तिच्या दारावर सुतार पाटी बसवत होता. पितळेची, चकचकीत. माझं नाव, खाली 'संचालिका'. शेवटचा स्क्रू पिळायचा राहिला होता. मला ती पाटी बघून आतून गुदगुल्या होत होत्या, आणि आईला ती आधी दिसावी म्हणून मी मुद्दाम मागे राहिले.

आई दारापासून चार हात लांब थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाटी काढ," ती म्हणाली.

मला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"पाटी काढ गं आधी. चल. पटकन. पाटी काढ!"

तोच आवाज. तंतोतंत तोच. मला काय झालं ते मला सांगता येत नाही. माझे पाय आपोआप वळले. मी बोळातून जवळजवळ पळत कपाटापाशी गेले, किल्ली लावली, पाटी काढली, छातीशी धरली आणि धापा टाकत आईसमोर येऊन उभी राहिले. एवढी मोठी बाई मी, केस पिकायला लागलेत, आणि पाटी घेऊन उभी. सुतार तोंडात स्क्रू धरून बघत राहिला.

आईने पाटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि ती हसायला लागली. हसता हसता सुताराच्या स्टुलावर बसली, आणि मग ते हसणं राहिलंच नाही, ती हुंदके द्यायला लागली.

"तेव्हाही हेच केलंस, बये," ती म्हणाली. "तेव्हाही अगदी हेच."

मला अजून कळलं नव्हतं. खरंच नव्हतं. मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, पाटी काढ?"

आईने हात वर करून दाराकडे दाखवलं.

आमच्या भाषेत पाटी ती पाटी. शाळेतली, दुकानावरची, दारावरची. काढ म्हणजे बाहेर काढ, आणि काढ म्हणजे उतरवही. इकडच्या भाषेत दोन्ही पाट्यांना वेगळे शब्द आहेत आणि मी गोष्ट कायम इकडच्या भाषेत सांगत आले. शाळेत आमच्या बाई रोज सकाळी म्हणायच्या, मुलांनो, पाटी काढा. मी दुसरं काय काढणार होते?

मी आईला खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. ती पाणी प्यायली, मग बोलायला लागली. बाबांच्या दारावर पाटी होती, ती मला पुसटशी आठवते. निळी, पांढऱ्या अक्षरांची, खिळ्याला दोरीने टांगलेली. त्यांनी स्वतः रंगवलेली. वर नाव, खाली 'शिक्षक'. आई त्यांना म्हणायची, नाव पुरे की, खाली धंदा कशाला लिहायचा? ते म्हणायचे, मला शोधत कुणी पालक आला तर त्याला कळायला नको? तेव्हा गावात सरकारचे शिपाई शिक्षकांच्या संघटनेतली माणसं शोधून शोधून उचलत होते. दारोदार फिरत होते, पाट्या वाचत होते. लोकांनी आपापल्या पाट्या उतरवल्या होत्या. बाबांनी उतरवली नव्हती.

"मी गाठोडं बांधत होते," आई म्हणाली. "तुला म्हटलं पाटी काढ. तू आलीस, म्हणालीस काढली. मी म्हटलं झालं. तुझ्या हातात काय आहे ते मी ट्रकमध्ये पाहिलं."

"आणि दारावरची?"

"दारावर."

"आणि बाबा पुलाकडे येण्याआधी घरी गेले?"

"चावी त्यांच्याकडे होती. काहीतरी घ्यायला गेले असतील."

मी चिडले. मला दुसरं काही सुचलंच नाही. "मग इतकी वर्षं मला बोलू का दिलंस? मी जगभर सांगत फिरतेय, माझी आई काय थोर, पाटी घ्यायला लावली, आणि तू नुसती ऐकून घेतेस? माझं हसं होऊ दिलंस तू!"

"तुला कोण हसलं? सगळे टाळ्या वाजवत होते."

"आई!"

"अगं, तू गोदामात पहिल्यांदा ती गोष्ट कुणाला तरी सांगितलीस ना, तेव्हा किती खुशीत होतीस. जेवायला लागलीस त्या दिवसापासून. मी काय सांगू? असू दे म्हटलं."

मी खिडकीशी गेले, परत आले, खुर्चीत बसले, उठले. ती माझीच खुर्ची होती, उद्यापासून. शेवटी मी विचारायचं ते विचारलं. "मी ती पाटी उतरवली असती तर बाबा..."

"नाही," आई लगेच म्हणाली. फार लगेच. "कुणीही दाखवलं असतं घर. पाटी नसती तरी."

"आपण तिथे नुकते राहायला गेलो होतो ना? तूच सांगतेस, शेजारी कुणी ओळखत नव्हतं."

"दूधवाला ओळखत होता."

"कोण दूधवाला?"

"होता एक," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावायला लागली.

हा दूधवाला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. तो खरा होता की आईने माझ्यासाठी त्याच क्षणी उभा केला, देव जाणे. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "ती बाहेरची काढायला सांग. नाहीतर उद्या मी येणार नाही, आणि तूही त्या खुर्चीत बसायचं नाही. मी हक्काने सांगतेय."

घ्या! जन्मभर मी हक्क शिकवले आणि माझ्या आईने तिचा पहिला हक्क वापरला तो माझ्यावर.

मी तडक मोठ्या बाईंकडे गेले. त्या कागद खोक्यात भरत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, "मला नको ही खुर्ची. ज्या गोष्टीवर मला बसवताय ती गोष्टच खोटी आहे."

बाई ऐकता ऐकता खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर त्याहून सुंदर गोष्ट आहे! उद्या हीच सांग."

शप्पथ सांगते, या बाईंनी मला वाढवलंय, पण त्या क्षणी त्यांना खोक्यात भरून झाकण लावावंसं वाटलं. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण बाईंनी हात सोडला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. आणि ऐक, पाटीवर तुला कुणी बसवत नाहीये. गोदामात परवा नवी माणसं आलीत. मी गेले तर सगळे उठून उभे राहिले. तू गेलीस तेव्हा एका बाईने तुला आपलं बाळ धरायला दिलं आणि ती अंघोळीला गेली. मला एवढंच कळतं. पुढे तुझं तू बघ."

मी बोळात येऊन उभी राहिले. मला रडू येत होतं की राग, ते कळेना. बाईंचं पटलं होतं आणि आईचंही पटलं होतं, आणि दोन्ही एका डोक्यात मावत नव्हतं. दारावर पाटी असणं म्हणजेच तर मी शिकवते ते सगळं. नाव उघडपणे लावता यावं, त्यासाठी कुणी दार ठोकू नये. हे मी फळ्यावर लिहून देते. आणि माझ्या आईला ते चार शब्द पितळेवर बघून घाम फुटला होता. मग आजवर मी कुणाला काय शिकवलं?

खोलीपाशी परत आले तर पितळी पाटी गायब. दाराला नुसती भोकं. सुतार ओशाळा उभा.

"आजींनी काढायला लावली," तो म्हणाला. "फार घाई केली त्यांनी."

आई आत बसली होती. मांडीवर माझी दगडी पाटी. सुताराकडचं फडकं ओलं करून ती पाटी पुसत होती, कानाकोपऱ्यांतून, मी लहान असताना पुसायची तशी.

"खुर्चीत बसायचंच आहे का तुला?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "हो. बसायचंय."

"आणि नाव लावायचंच?"

"लोक शोधत येतात, आई. नवे असतात. घाबरलेले असतात. त्यांना दार कळायला नको?"

हे बोलले आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पाटी माझ्यापुढे सरकवली.

"मग यावर लिही. खडूने. पुसता येतं. बाहेर गलबला ऐकलास की पुसायचं आणि मागल्या दाराने निघायचं. मागलं दार आहे ना इथे?"

"आहे. जिन्याकडे."

"दाखव मला."

मी तिला दाखवलं. तिने कडी उघडून बघितली, लावून बघितली, पुन्हा उघडली. मग मी पाटीवर माझं नाव लिहिलं. नुसतं नाव. सुताराने चौकटीला दोरी बांधून ती दारावर टांगली, आणि आईने ओलं फडकं शेजारच्या खिळ्याला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. आई व्यासपीठावर बसली, जिन्याच्या बाजूची खुर्ची मागून घेऊन. मी बोलायला उभी राहिले आणि माझी ततपप झाली. सगळे पाटीची वाट बघत होते. मी म्हटलं, "पाटीची गोष्ट आज सांगत नाही. ती मला अजून नीट कळलेली नाही." आणि गोदामातल्या नव्या माणसांना कशाकशाची मदत लागणार आहे ते सांगून खाली बसले. लोक गोंधळले, एकमेकांकडे बघायला लागले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर जो तो माझ्या दारापाशी येऊन म्हणाला, काय हा साधेपणा, पितळी पाटी काढून दगडी लावली! मी कुणाला काही बोलले नाही. काचेच्या कपाटात आता एक झाडाची कुंडी आहे.

तेव्हापासून आई अधूनमधून यायला लागली. येते, फडकं चाचपते, कोरडं असेल तर माझ्यावर डाफरते, ओलं करून परत लावते, मागल्या दाराची कडी बघते आणि वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसते. काय ऐकते, तिला काय वाटतं, विचारायची माझी छाती नाही. दूधवाल्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. कधी वाटतं तो होता. कधी वाटतं नव्हताच.

पाटीवरचं माझं नाव हळूहळू पुसट झालं. येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे घासायचे, अक्षरं फिकी पडली. मी ती तशीच राहू दिली. पुन्हा लिहावं की आपणच पुसून टाकावं, ठरत नव्हतं.

परवा मी बाहेरगावी वर्ग घेऊन परत आले. खोलीशी गेले आणि थबकले. पाटीवरचं नाव ठळक होतं. कुणीतरी गिरवलं होतं. माझं अक्षर नव्हतं ते. शेवटच्या अक्षराला खाली उगाच एक लांब शेपूट होतं, आईच्या किराण्याच्या चिठ्ठ्यांवर असतं तसं. आणि नावाखाली, जिथे मी काहीच लिहिलं नव्हतं, तिथे लिहिलं होतं: 'शिक्षिका'.

फडक्याला हात लावला. खडखडीत कोरडं.

मी तिथूनच घरी फोन लावला. "आई, पाटीवर तू लिहिलंस?"

"पुसट झालं होतं," ती म्हणाली. "शोधत कुणी आलं तर त्याला वाचता यायला नको?"

मग तिने विचारलं, जेवलीस का.